तेल लावूनही बंदुकीच्या भागांवर गंज परत येतोय? आधी डागाची जागा बघा

बंदुकीच्या एकाच बोल्टवर (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग), एकाच जागी, तिसऱ्यांदा गंज आला तेव्हा मी तेल बदलत बसायचं सोडून दिलं. पहिल्या वेळी वाटलं, तेल कमी पडलं असेल. दुसऱ्या वेळी इतकं लावलं की गुंडाळलेलं फडकं ओलं झालं. तिसऱ्या वेळी चांगलं महागाचं तेल आणलं. सहा महिन्यांनी उघडून बघतो तर डाव्या बाजूला तोच लंबगोल तपकिरी डाग. शेवटी बोल्ट हातात घेऊन कपाटात ठेवायची नुसती नक्कल करून पाहिली, आणि माझा अंगठा बरोबर त्या डागावर येऊन बसला. तेल लावून झालं की मी तो उघड्या हाताने उचलून आत ठेवत होतो. तीन वेळा.

तेव्हापासून कुणी विचारलं की “कुठलं तेल चांगलं?”, तर मी उलट विचारतो, डाग कुठे आहे? गंजाला लोखंड, हवा आणि पाणी लागतं. लोखंड आणि हवा तर असणारच. पाणी कुठून आलं, हे बहुतेक वेळा डागाच्या जागेवरूनच कळतं.

पुढे जाण्याआधी नेहमीचं: चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) दोन्ही रिकामी आहेत याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, काडतुसं कामाच्या टेबलावरच काय, त्या खोलीतही नकोत. बऱ्याच ठिकाणी रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो मधला सांगाडा) किंवा नळी असा एखादा सुटा भागही कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच मानला जातो. त्यामुळे “सुटे भाग आहेत, राहू देत माळ्यावर” असं करू नका, परवान्यात सांगितलेल्या जागीच ठेवा.

तेलाकडून नको ती अपेक्षा

साधं खनिज तेल, म्हणजे शिलाई मशीनला घालतो तसलं, धातूवर पातळ थर धरतं. पण तो थर काही काचेसारखा बंद नसतो. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन त्यातून हळूहळू आत जातात. शिवाय पृष्ठभागावर आधीच ओलावा असेल तर साधं तेल त्याला हटवत नाही, वरून झाकून टाकतं. मग थराखाली गंज निवांत चालू राहतो आणि वरून भाग चकाचक दिसतो. गंजरोधक म्हणून विकली जाणारी तेलं वेगळी असतात. त्यांत सल्फोनेटसारखी रसायनं असतात आणि ती धातूला चिकटून पाण्याला जागाच देत नाहीत. डब्यावर “वंगण” लिहिलंय की “गंजरोधक” हे वाचून घ्या. एकच तेल दोन्ही कामं सारखीच चांगली करेल असं नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल हमखास वाद होतात. १९५३ साली ते तयार झालं तेच पाणी हटवण्यासाठी, नावातल्या दोन अक्षरांचा अर्थही तोच. ओल्या भागावरून पाणी पळवायला ते उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरतो तो थर फार पातळ असतो. वर्षभराच्या साठवणीला तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. खाद्यतेल तर नकोच. काही महिन्यांत ते चिकट होतं, पुढे खवट होतं, आणि बोल्टच्या आतली फायरिंग पिन (काडतुसावर टोला मारणारी सळई) जागच्या जागी धरून ठेवतं.

आणि हो, तेल वाहतं. नळी वर करून उभी ठेवलेली बंदूक वर्षभर हळूहळू खाली गळत राहते. वरचा भाग कोरडा पडतो आणि सगळं तेल दस्त्याच्या लाकडात मुरतं. लाकूड काळं पडून मऊ होतं. लांब मुदतीसाठी ठेवायची असेल तर नळीचं तोंड खाली ठेवा, खाली एखादा मऊ, तेल न शोषणारा तुकडा घाला. पातळ तेलाऐवजी ग्रीस किंवा मेणासारखा थर असेल तर हा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या रायफली कॉस्मोलिन नावाच्या मेणचट, तपकिरी चिखलात बुडवून ठेवलेल्या असायच्या. अनेक दशकांनी खोकी उघडली तरी आतलं पोलाद स्वच्छ निघालं. साफ करणाऱ्याची मात्र दमछाक होते.

साक्षीदार पट्टी

दोष तुमच्या हाताळणीत आहे की कपाटातल्या हवेत, हे ठरवायला एक फुकटातला उपाय आहे. साध्या पोलादाची एक छोटी पट्टी घ्या. जस्ताचा मुलामा असलेली नको, स्टेनलेस नको. बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, स्पिरिटने पुसा, त्यानंतर उघडं बोट लावू नका. दोऱ्याने कपाटात टांगून ठेवा, तेल न लावता. भाग ठेवता त्याच उंचीवर.

महिन्याने पट्टी आणि भाग दोन्ही बघा. पट्टी गंजली असेल तर कपाटातली हवा दमट आहे. मग तेल कितीही भारी असलं तरी ते फक्त वेळ पुढे ढकलतंय. पट्टी चकचकीत आणि भागांवर मात्र डाग, असं असेल तर हवा ठीक आहे, चूक ठेवण्याआधीच्या साफसफाईत किंवा गुंडाळण्यात आहे. एक पट्टी तळाशी आणि एक वरच्या कप्प्यात टांगली तर आणखी मजा येते. माझ्याकडे तळातली दोन आठवड्यांत तांबूस झाली, वरची महिनाभर तशीच होती. कपाट गार फरशीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं होतं. चार लाकडी ठोकळ्यांवर उचलून भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, आणि पुढची तळातली पट्टी स्वच्छ राहिली.

डाग वाचायचे कसे

बोटांच्या आकाराचे किंवा रेषारेषांचे डाग असतील तर ती घामाची करणी. घामात मीठ असतं, लॅक्टिक आम्ल असतं. नुसतं खायचं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं. घामात इतर क्षारही असल्यामुळे त्याचा ठसा त्याहून कोरड्या हवेतही ओलसर राहू शकतो. काही जणांच्या हाताला हे जरा जास्तच असतं, त्यांनी हात लावलेलं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं. उपाय म्हणजे नायट्राइलचे पातळ हातमोजे. पण क्रम महत्त्वाचा: आधी जुने ठसे स्पिरिटने पुसायचे, मग मोजे घालायचे, मग तेल. ठशावरच तेल लावलं तर मीठ तेलाखाली सुरक्षित बसतं, तेलात ते विरघळत नाही.

नळीच्या आत, बोल्टच्या तोंडावर, गॅस पिस्टनवर (बार उडताना सुटलेल्या वायूने ढकलला जाणारा दांडा) गंज असेल तर संशय काडतुसांवर घ्या. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये (बुडातली ठिणगी टाकणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ, आणि तो नळीत सगळीकडे बसतो. नेहमीच्या सॉल्व्हंटने (मळ विरघळवणारं द्रावण) काळा मळ निघतो, क्षार तसाच राहतो. त्याला पाणीच लागतं. गरम पाण्याने नळी धुवायची कल्पना ऐकून लोक दचकतात, पण हाच खरा उपाय. गरम पाण्यामुळे पोलाद तापतं आणि पटकन कोरडंही होतं. त्यानंतर कोरड्या चिंध्या, मग पाणी हटवणारं तेल, मग गंजरोधक. ब्लॅक पावडरच्या, म्हणजे जुन्या काळ्या दारूच्या, बंदुकीलाही तोच नियम, तिचा मळ पाणी फारच ओढतो. तांब्याचा मळ काढणारे अमोनियाचे सॉल्व्हंट वापरत असाल तर तेही नळीत विसरू नका, पूर्ण पुसून काढा.

ज्या बाजूने भाग पेटीला टेकला होता, तेवढ्याच बाजूला गंज? मग पेटी दोषी. चामड्याच्या म्यानात चामडं कमावतानाचे क्षार आणि आम्लं असतात आणि चामडं ओलावाही धरतं. प्रवासाला छान, साठवणीला वाईट. आतमध्ये स्पंजचं अस्तर असलेल्या पेट्यांचंही तेच. बाहेरून घट्ट बंद, आत ओला स्पंज, म्हणजे गंजासाठी खास खोलीच. वर्तमानपत्रात गुंडाळणं तर विसराच. ओक लाकडाच्या पेटीतून आणि काही दाबीव फळ्यांमधून आम्लाची वाफ सुटत राहते. म्हणून संग्रहालयंसुद्धा धातूच्या वस्तू असल्या लाकडात ठेवायचं टाळतात.

लाकडी दस्त्याच्या आत, नळी लाकडाला चिकटते तिथे, पकडीच्या फळ्यांखाली, दुर्बिणीच्या कड्यांखाली जो गंज येतो तो सगळ्यात लबाड. वरून काहीच दिसत नाही. फटीत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि तेल आत पोचत नाही. वर्षातून एकदा तरी स्क्रू काढून बघायला हवं. तिथे तेल न लावता मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर द्या, लाकूड तो तेलासारखा शोषत नाही. शॉटगनचे सुटे चोक (नळीच्या तोंडात आट्यांनी बसणाऱ्या नळकांड्या) असतील तर ते काढा, आटे पुसा, ग्रीस लावून हाताने बसतील एवढेच फिरवा. गंजाने आतच अडकलेला चोक काढताना नळी खराब झालेली मी पाहिली आहे.

सगळीकडे सारखी, बारीक, तांबूस भुकटी असेल तर ते हवेतल्या दवाचं काम. त्याबद्दल पुढे.

स्टेनलेसवर गंज आला की लोक दुकानदाराला शिव्या घालतात. पोलादाला स्टेनलेस म्हणायला किमान १०.५ टक्के क्रोमियम पुरतं, आणि नळ्यांसाठी कातायला सोपा पडतो म्हणून जो गंधकमिश्रित प्रकार वापरतात तो गंजाच्या बाबतीत फारसा शूर नसतो. क्षार बसला की त्यावर बारीक खड्डे पडतात. त्याला साधं स्टील वूल कधीच लावू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि मग तेच गंजतात.

ब्ल्यूइंगबद्दलही गैरसमज आहे. तो निळा-काळा थर म्हणजे लोखंडाचंच एक ऑक्साइड, अतिशय पातळ आणि सच्छिद्र. एकटा तो फारसं काही अडवत नाही, तेल धरून ठेवतो इतकंच. फॉस्फेटचा करडा, खरखरीत थर तेल जास्त धरतो, म्हणून लष्करी शस्त्रांना तो देतात.

कपाटातली हवा

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सविस्तर.

३० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. २० अंशांना तीच हवा १७ ग्रॅमच धरते. म्हणजे दिवसा ३० अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेत २१ ग्रॅम पाणी आहे. एसीच्या खोलीत २० अंशांना गार झालेलं पोलाद अशा हवेत बाहेर काढलं, की त्याला लागून गार होणाऱ्या हवेत न मावणारं पाणी दव होऊन त्याच्यावर बसणार. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसंच. म्हणून थंड जागेतून उबदार जागेत आणलेली बंदूक लगेच पिशवीतून काढू नका. बंद पिशवीतच काही तास ठेवा, धातू खोलीइतका कोमट झाला की उघडा. उलट्या बाजूने, दमट दुपारी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा कोंडून बांधली की रात्री गारठ्यात ते पाणी आतच सुटतं. “एअरटाइट” पिशवी चांगली, पण आतली हवा कोरडी असेल तरच.

स्वच्छ पोलादावर साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या खाली गंज फार मंद चालतो, वर गेलं की वेग वाढत जातो. लाकडी दस्ता असेल तर फार कोरडंही नको, तो चिरतो. ४५ ते ५० टक्के हे मला जमणारं मधलं ठिकाण आहे.

आता सिलिका जेल. अर्धा घनमीटर कपाटातल्या हवेत, वरच्याच हिशेबाने, दहा-अकरा ग्रॅम पाणी असतं. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकं पाणी पन्नास टक्क्यांच्या आसपास आरामात धरतं. म्हणजे शंभर ग्रॅमची पुडी पुरायला हवी. मग ती आठवड्यात का भरते? कारण पाणी हवेत कमी आणि बाकीच्या सामानात जास्त आहे. एक किलोच्या लाकडी दस्त्यातच ९०-१०० ग्रॅम पाणी सहज असतं. कपाटातला गालिचा, स्पंज, पुठ्ठ्याचे खोके वेगळे. अग्निरोधक तिजोरीच्या भिंतीत जिप्सम असेल तर त्यात वजनाच्या पाचव्या भागाइतकं पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. आग लागली की ते सुटून आत गारवा राहावा, हीच तर त्याची योजना. ते बांधलेलं पाणी एरवी सुटत नाही, पण जिप्सम वरून ओलावाही शोषतं आणि नवीन तिजोरी आतून बराच काळ दमट राहते. त्यात दाराच्या फटीतून रोज नवी हवा येते ती वेगळीच. म्हणून आधी पुठ्ठा, स्पंज, चामडं बाहेर काढा, दाराची रबरी पट्टी तपासा, आणि मगच जेल ठेवा.

जेलचा रंग बघत राहा. निळं गुलाबी झालं, किंवा नारिंगी हिरवं झालं, की ते भरलं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन-तीन तास तापवलं की पुन्हा तयार. निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला वाईट. शक्यतो नारिंगी घ्या, आणि जेवणाच्या ओव्हनमध्ये निळं अजिबात नको.

वीज असेल तर कपाटाच्या तळाशी ठेवायचा गरम दांडा हा जेलपेक्षा कमी कटकटीचा. तो पाणी काढून टाकत नाही, हवा दोन-तीन अंशांनी तापवतो. २५ अंशांना ७० टक्के असलेली हवा २८ अंशांना नेली की तीच साधारण ५९ टक्के होते. वीज गेली की फायदाही गेला, हे लक्षात ठेवून जोडीला थोडं जेल असू द्या.

हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) मात्र तपासल्याशिवाय त्याचं ऐकू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, हायग्रोमीटरबरोबर बंद पिशवीत एक रात्र ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. माझा ६६ दाखवत होता. म्हणजे मी दोन वर्षं “छप्पन्न टक्के, काही काळजी नाही” म्हणत होतो तेव्हा आत पासष्टच्या आसपास होतं.

आलेला गंज काढताना

वरवरचा असेल तर तेल लावून तासभर थांबा, मग ०००० नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने. थोडा जाड ठिपका असेल तर तांब्याच्या तुकड्याची कड वापरा. तांबं गंज खरवडतं पण पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडे पाडत नाही. व्हिनेगर, फॉस्फोरिक आम्ल, दुकानात मिळणारी गंजनाशक द्रावणं यांना ब्ल्यूइंग आणि गंज यांतला फरक कळत नाही, दोन्ही काढून टाकतात. कडक केलेल्या स्प्रिंगा तर आम्लात कधीच बुडवू नका. हायड्रोजन आत शिरून पोलाद ठिसूळ होतं आणि स्प्रिंग नेमकी नंतर तुटते.

ब्ल्यूइंग वाचवायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे. तेल पूर्ण काढून भाग डिस्टिल्ड पाण्यात वीस-तीस मिनिटं उकळायचा. तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, मग मऊ तारेच्या ब्रशने भुसभुशीत भाग झटकायचा. छोट्या सुट्या भागांना हे झकास चालतं. दुनळीला करू नका. दोन नळ्यांमधल्या पट्टीखाली पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नसते.

चेंबरमध्ये, नळीत किंवा बोल्टच्या कुलपी दातांवर खड्डे दिसले तर घासत बसू नका. बंदूक कारागिराकडे न्या आणि त्याने पाहीपर्यंत बार काढू नका.

माझी ठेवायची पद्धत

सुटे करा, मळ काढा, स्पिरिटने पुसा. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको. हेअर ड्रायरने हाताला कोमट लागेल इतकं तापवा, फटीतला ओलावा निघून जातो. हातमोजे घालून, भाग गरम असतानाच गंजरोधक तेलाचा थर द्या आणि फटींना ग्रीस. बाहेरच्या, सारख्या हाताळल्या जाणाऱ्या भागांना मी सूक्ष्मस्फटिकी मेण लावतो. संग्रहालयातली मंडळी तेच वापरतात, त्यावर धूळ चिकटत नाही आणि ठसेही वरच राहतात. मग व्हीसीआय (वाफेतून गंज रोखणारा) कागद. त्यातून निघणारी वाफ धातूवर अदृश्य थर धरते, म्हणून औषध लावलेली बाजू आत आणि पाकीट बंद हवं. पाकीट सारखं उघडलं तर वाफ उडून जाते. पितळ किंवा जस्ताचे भाग असतील तर तो कागद त्यांना चालतो का हे वेष्टनावर बघून घ्या. पाकिटावर तारीख आणि आत काय लावलंय ते लिहा. सहा महिन्यांनी आपल्याला काही आठवत नाही.

पहिल्या महिन्यानंतर एकदा, मग दर तीन महिन्यांनी पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर तपकिरी आलं तर डोळ्यांना दिसण्याआधीच कळतं.

आणि ट्रिगर गार्डला एक चिठ्ठी बांधा: “नळीत ग्रीस आहे.” नळीतलं जाड ग्रीस हा अडथळाच असतो, त्यावर बार काढला तर नळी फुगू किंवा फुटू शकते. बोल्टच्या आतलं घट्ट झालेलं ग्रीसही धुऊन काढा. त्याने फायरिंग पिन मंदावते, किंवा एसकेएससारख्या मोकळी पिन असलेल्या रायफलीत ती पुढेच अडकून बोल्ट बंद होताक्षणी बार उडू शकतो. पिन हाताने पुढे-मागे खुळखुळते का ते पाहा, नळीतून कोरडी चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत ओढा, आणि त्यानंतरच चिठ्ठी सोडा.